वेगळी चूल

दिवाळीचा फराळ झाला, दुपारची पंगत उठली आणि घरातली वडील माणसे ओसरीवर पानाचे तबक मधे घेऊन बसली, म्हणजे गोष्टींना रंग चढतो. कोण कोठून आला, कोणाचे काय झाले, कोणत्या घरावर कसा प्रसंग गुदरला आणि त्यातून ते घर कसे तरले, अशा त्या गोष्टी. आज मीही तशीच एका घराची गोष्ट सांगणार आहे. हे घर आमच्या नगरचे. २०२४ मध्ये शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. परंतु गोष्ट जुनी आहे, तेव्हा तिच्यापुरते जुनेच नाव राहू द्यावे.

मी शाळेत मराठी शिकवते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'तला उतारा शिकवायचा असला म्हणजे मला त्या दिवशी घसा फोडावा लागत नाही. बाई स्वतःच बोलतात आणि वर्ग हसतो. एका वर्षी मात्र सगळ्यांचे हसून झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "बाई, यांचा नवरा ख्रिस्ती झाला म्हणून याही झाल्या ना? मग त्यात यांचे स्वतःचे काय?"

मी काहीतरी उत्तर दिले. ते माझे मलाच पटले नाही. पुढे कित्येक दिवस तो प्रश्न मनात घोळत राहिला. देवावरची श्रद्धा नवऱ्याच्या आडनावासारखी बायकोकडे आपोआप येते काय? आणि जी अशी येते तिच्यावर माणूस उभा आयुष्य काढू शकतो काय? त्या मुलीला तेव्हा जे सांगावयाला हवे होते ते आज येथे सांगते.

नगरच्या मातीला देवाची ओढ पूर्वीपासूनच. १२९० साली प्रवरेच्या काठी नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्याच नगरात १८३१ च्या डिसेंबरात अमेरिकन मराठी मिशनचे लोक येऊन राहिले. त्यांनी शाळा काढल्या, १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे पत्र सुरू केले. मिस सिंथिया फरार या बाईंनी नगरास मुलींच्या शाळा चालविल्या, आणि त्यांची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात मुलींसाठी शाळा काढावीशी वाटली. हळूहळू नेवासे, राहुरी, वडाळे अशा भागांत मिशनचे काम पसरले. ख्रिस्ती झालेल्यांत बहुतेक महार-मांग समाजातली माणसे होती. गावाच्या विहिरीवर ज्यांना घागर बुडविता येत नव्हती, त्यांना कोणीतरी सांगितले की देव तुमचा बाप आहे आणि त्याच्या घरात शिवाशीव नाही. त्या सांगण्याने त्या माणसांच्या पाठीचा कणा किती ताठ झाला असेल याची कल्पना ज्याने विहिरीपासून दूर उभे राहून पाण्याची वाट पाहिली असेल त्यालाच करता येईल.

आता विहिरीच्या दुसऱ्या बाजूला वळू.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले. आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडानंतर फाशी झाली, आणि त्या धक्क्यातून त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. वेड हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. बाजारातून आलेली जिन्नस धुऊन घेतल्याखेरीज घरात यावयाची नाही. कोणाचा स्पर्श झाला, कोणाची सावली पडली, की घरच्या बायकामुलांच्या हालांना पारावार राहावयाचा नाही. शिवाशिवीचे हे ओझे त्या मुलीने रांगत्या वयापासून पाहिले. तिच्या लेखी देव म्हणजे हेच असावे, यात नवल ते काय?

अकरा-बारा वर्षांची असताना तिचे लग्न झाले. नवरा नारायण वामन टिळक, १८६१ सालचा, कोकणातल्या करजगावचा. नाशिकास गणेशशास्त्री लेल्यांच्या हाताखाली तयार झालेला, संस्कृताचा व्यासंगी, हाडाचा कवी, आणि प्रपंचाच्या दृष्टीने पाहिले तर कमालीचा बेभरवशाचा माणूस. खिशात असेल ते पहिल्या मागणाऱ्याच्या हातावर ठेवावे, मनात आले की उठून चालू लागावे, दिवसचे दिवस घरी पत्ता नसावा. आज मास्तरकी, उद्या कीर्तन, परवा संपादन. बायको आपली कधी माहेरी, कधी सासरी, कधी नात्यातल्या कोणाकडे. पण या भटकण्याच्या मुळाशी एक भूक होती. नागपुरास आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने टिळक वेदवाङ्मयाचे काम करीत होते, तेव्हाही देशाला एका नव्या धर्माची गरज आहे आणि तो आपण शोधून काढू असे विचार त्यांच्या डोक्यात चालत.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावाकडे जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका अनोळखी गोऱ्या गृहस्थाशी गाठ पडली. बोलणे संस्कृत काव्यावरून निघाले आणि देवाधर्मावर आले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती 'नवा करार' ठेवला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटले. परंतु वाचीन म्हणून शब्द दिला होता, तेव्हा वाचावयास घेतले. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तेथून त्यांचा पाय निघेना. शत्रूवरही प्रीती करा, उद्याची चिंता करू नका, मागणाऱ्याला द्या. हे जे आयुष्यभर आपण अडखळत करीत आलो, ते कोणीतरी अठराशे वर्षांपूर्वी जगून दाखविले आहे असे त्यांना आढळले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते पुढे सांगत.

पुलावरून ते एकटेच गेले. बायको आणि लहानगा दत्तू अलीकडच्या तीरावर राहिली.

येथे कथा गोड करून सांगण्याचा मोह होतो. तो मी आवरते. टिळकांना देव सापडला, पण त्यांच्या बायकोचे घर मोडले. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. लोकांचे टोमणे, नातेवाइकांची कीव, आणि मूल पदरात. दुःखाने वेड लागण्याची पाळी आली. काही दिवस माहेरच्या माणसांत, काही दिवस पंढरपुरास बहिणीकडे, अशी चार-पाच वर्षे बाईंनी काढली. या काळात नवरा-बायकोत पत्रे चालू होती. त्यांत रागही असे आणि कविताही असे. टिळकांनी दुसरे लग्न केले नाही, आणि बाईंनीही नवऱ्याचे नाव टाकले नाही.

शेवटी दोघे पुन्हा एकत्र आली ती नगरास. टिळक तेथे मिशनच्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवीत होते. बाई आल्या त्या एका निश्चयाने: नवऱ्याच्या गावी राहीन, त्याच्या धर्मात जाणार नाही. आपला स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे-ओवळे वेगळे. घरात वेगळी चूल मांडणे म्हणजे भाऊबंदकी, असे आपण म्हणतो. येथे ती चूल एका बाईने स्वतःच्या मनासाठी मांडलेली होती. ज्या टिळकांना व्यवहारातला कोणताच धीर नव्हता, त्यांनी या एका बाबतीत अपार धीर धरला. बायकोवर त्यांनी धर्माची सक्ती केली नाही. चुलीला हात लावला नाही. विश्वास हा आतून उगवावा लागतो, वरून ओतता येत नाही, हे या उतावळ्या माणसाला नेमके ठाऊक होते.

मग ती चूल विझली कशी? मुलीच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे, म्हणून जरा थांबते.

नगरास आजूबाजूला सगळी ख्रिस्ती वस्ती. ज्यांच्या सावलीला वडील भीत असत अशा घरांतल्या बायका दारावरून जात-येत, हसत, विचारपूस करीत, आजारपणात धावून येत. बाई त्यांच्याशी बोलत आणि अंग चोरीत. एका बाजूला मन त्यांच्याकडे ओढ घेई आणि दुसऱ्या बाजूला लहानपणचे सोवळे मागे खेची. या ओढाताणीतून एके दिवशी त्यांनी स्वतःशीच सरळ हिशेब मांडला. हे जातींचे भेद देवाने केले की माणसाने? देवाने केले असते तर त्याने ते पशुपक्ष्यांच्या जातींसारखे उघड दिसतील असे केले असते. तसे तर कोठे दिसत नाही. माणसाने केले असतील, तर ते देवाच्या नावावर पाळण्याचे मला कारण काय? एवढा विचार पुरा झाला, आणि त्यांनी ठरविले की येथून पुढे कोणाच्याही हातचे खावयाचे.

लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, हा निर्णय आधी झाला आणि बाप्तिस्मा मागाहून, १९०० साली. पुस्तकी शिक्षण जवळजवळ नसलेल्या, जोडाक्षरांशी झगडणाऱ्या या बाईने कोणा पाद्र्याच्या प्रवचनाने आपला देव ओळखला नाही. दुसऱ्याच्या हातचा घास घेताना तिला तो भेटला. टिळकांचा रस्ता ग्रंथातून हृदयाकडे आला होता. बाईंचा स्वयंपाकघरातून निघाला. दोन्ही रस्ते एका ठिकाणी मिळाले खरे, पण बाईंचा रस्ता त्यांच्या स्वतःच्या पायांनी चाललेला होता.

आणि श्रद्धा पुरी रुजली की नाही याची परीक्षा लगेच समोर उभी होती. १८९९-१९०० चा तो दुष्काळ. संवत् १९५६ चा म्हणून लोक त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणत. नगर जिल्हा मुळातच पर्जन्यछायेतला. पाऊस रुसला म्हणजे येथे माणसे आणि गुरे सारखीच वाळतात. आईबाप गमावलेली मुले मिशनच्या आवारात येऊन पडू लागली. टिळकांच्या घरातही अशी मुले आली आणि त्यांचे सगळे बाईंच्या अंगावर पडले. कालपर्यंत जी बाई कोणाचा पदर लागला तर अंग चोरीत होती, तिने त्या खरजुल्या, उवांनी भरलेल्या पोरांना न्हाऊ घातले, भरविले, निजविले. कोणाचे मूल, कोणत्या जातीचे, हे विचारावयास कोणाला सवड होती? पुढे प्लेगच्या दिवसांत रोग्यांची शुश्रूषा करण्यासही त्या मागे सरल्या नाहीत. पैशाची नेहमीचीच ओढ; टिळक आणलेले वाटून मोकळे. उद्याची भाकर कोठून यावयाची हे ठाऊक नसता आजची भाकर दहा तोंडांत वाटणे, याला देवावरचा भरवसा म्हणतात. डोंगरावरच्या प्रवचनातले ते वचन टिळकांनी वाचले. चुलीपाशी बसून ते चालवावे लागले बाईंना.

याच दुष्काळात नगरपासून फार लांब नाही अशा केडगावास पंडिता रमाबाई शेकडो अनाथ मुलींना आणि विधवांना पोटाशी धरून बसल्या होत्या. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेला. त्या विदुषी, जग पाहिलेल्या, सरस्वती म्हणून गौरविलेल्या. लक्ष्मीबाईंना यांतले काही नव्हते. तरीही दोघींच्या श्रद्धेला हात एकाच ठिकाणी फुटले. पुढे रमाबाईंनी मरेपर्यंत खपून सबंध बायबल मराठीत उतरविले, आणि लक्ष्मीबाईंवरही एक ग्रंथ पुरा करण्याचे काम येऊन पडावयाचे होते. ते पुढे येईलच.

राहुरीची आणि नगरची ती वर्षे टिळकांच्या कवितेला बहर येण्याची. फुलांचे आणि मुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला. १९०४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. घर कसले, धर्मशाळाच ती. तेथेच त्र्यंबक बापूजी ठोमरे हा तरुण कवी येऊन राहिला. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्याला 'बालकवी' ही पदवी मिळाली होती. बालकवी हिंदू होते आणि हिंदूच राहिले. टिळकांच्या घरात मात्र ते मुलासारखे वावरले. रुसले तर समजूत घालावयाची, जेवले नाहीत तर वाढून द्यावयाचे, हे काम अर्थात लक्ष्मीबाईंचे. १९१८ च्या मे महिन्यात भादलीजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, तेव्हा या घरालाही पोटचे पोर गेल्यासारखे झाले असेल.

टिळकांचे मन मात्र मिशनच्या चाकोरीत रमेना. ख्रिस्त आशियातला, आणि त्याची उपासना आमच्या माणसांनी परक्या चालींत, परक्या पोशाखांत का करावी, हा त्यांचा सल होता. त्यांनी अभंग रचले, कीर्तने केली, शेकडो गीते लिहिली. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तेथे जागा होती. पगार सोडणे हा टिळकांचा आनंद. पगाराशिवाय घर चालविणे हा बाईंचा वाटा. त्या कुरकुरल्या असतील, 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला त्यांची जीभ ठाऊकच आहे. पण त्यांनी साथ सोडली नाही. या वेळी त्या अलीकडच्या तीरावर राहिल्या नाहीत.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईस वारले. बाई तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होत्या.

वाचकहो, पन्नाशीची विधवा म्हणजे आपल्याकडे संपलेला माणूस. मुलांच्या संसारात कोपरा धरावा, नातवंडे खेळवावीत आणि बोलावणे येण्याची वाट पाहावी. बाईंच्या बाबतीत तर हे अधिकच खरे व्हावयास हवे होते. ज्या माणसामागे आयुष्यभर फरपट झाली, ज्याच्यासाठी माहेर, जात, गाव सोडले, तो माणूसच गेला. श्रद्धा नवऱ्याची उसनी असती तर ती त्याच्याबरोबरच गेली असती.

झाले उलटेच. टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र महाकाव्यात गाण्यास घेतले होते. 'ख्रिस्तायन' हे त्याचे नाव. मराठीत या वाटेने पूर्वी एक मोठा माणूस गेला होता. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली आपले 'ख्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत छापले होते. टिळकांच्या हातून 'ख्रिस्तायना'चे अकराएक अध्याय झाले आणि लेखणी थांबली. ती बाईंनी उचलली. जोडाक्षरांना भिणाऱ्या त्या बाईने पुढचे चौसष्ट अध्याय रचले. चौसष्ट! हे काम काही एका झटक्याचे नव्हे. हे रोज उठून, अंगातली दुखणी बाजूला सारून, ओळीमागून ओळ जुळवीत बसण्याचे काम. सुचेल की नाही, पुरे होईल की नाही, कोणी वाचील की नाही, यांतले काही हातात नसताना बसावयाचे. दुष्काळात उद्याच्या भाकरीसाठी जो भरवसा धरला होता, तोच येथे उद्याच्या ओळीसाठी धरावा लागला.

याच काळात मुलाच्या आग्रहावरून त्यांनी आपल्या आठवणी सांगितल्या. १९३४ मध्ये 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग निघाला आणि महाराष्ट्र थक्क झाला. नवऱ्याचे गुण गावेत तसे दोषही सांगावेत, स्वतःच्या वेडेपणावर पोटभर हसावे, आणि कोणावर राग म्हणून राहू नये, असे आत्मचरित्र मराठीने पाहिले नव्हते. धर्मप्रचाराचा त्यात वासही नाही. हिंदू घरांतूनच ते अधिक वाचले गेले. मला वाटते, त्या पुस्तकातली सर्वांत मोठी श्रद्धेची खूण तो हसरा सूरच आहे. ज्याला आपले आयुष्य वाया गेले असे वाटते त्याला असे हसता येत नाही.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. 'ख्रिस्तायन' छापून निघाले ते १९३८ साली. पुस्तक हातात घेऊन पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. पण त्यांनी आपल्या वाट्याचे काम पुरे करून ठेवले होते.

आजही नगर जिल्ह्यात नाताळच्या आदल्या रात्री खेडोपाडीच्या देवळांतून पेटी-तबल्यावर टिळकांची गीते ऐकू येतात. घराघरांतून करंज्या तळल्या जातात आणि शेजारच्या हिंदू घरी ताट झाकून पोहोचते. दिवाळीत तेच ताट उलट दिशेने गेलेले असते. सप्टेंबरात श्रीरामपूर तालुक्यात हरेगावची मतमाउलीची यात्रा भरते, तेव्हा तेथे नवस फेडावयास आलेल्यांत सगळ्या धर्मांचे लोक असतात. ज्या मुलखात पाण्यापासून माणसे दूर ठेवली जात होती, तेथे हे घडावयास किती घरांतल्या किती वेगळ्या चुली विझाव्या लागल्या असतील!

ती मुलगी शाळा सोडून गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. ती कोठे असेल ठाऊक नाही. हा अंक तिच्या हाती पडलाच तर तिला एवढे सांगावयाचे आहे: अग, टिळकांनी बाईंना घर दिले, अक्षरे दिली, आणि पुष्कळ मनस्तापही दिला. देव मात्र दिला नाही. तो बाईंनी दुसऱ्याच्या हातची भाकर खाऊन स्वतः मिळविला, दुष्काळातल्या पोरांना न्हाऊ घालताना ओळखून घेतला, आणि नवरा गेल्यावर चौसष्ट अध्यायांपर्यंत सोडला नाही. त्यात त्यांचे स्वतःचे काय, असे तू विचारले होतेस. सगळे त्यांचेच होते.